सात चपटे दगड आणि दहा पोरं : सुट्टीत मैदानी खेळ सुरू करायचे तर

परीक्षा संपल्या की आमच्या कॉलनीतली पोरं दुप्पट होतात. सुरतेला, पुण्याला नोकरीसाठी गेलेल्यांची मुलं आजीकडे येतात, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्यांच्यासोबत भाचरं येतात. दोन दिवस ही सगळी फौज कूलरसमोर मोबाइल घेऊन पडलेली असते. तिसऱ्या दिवशी कुणाची तरी आजी वैतागून म्हणते, "बाहेर खेळा ना रे जरा!" पोरं बाहेर येतात, ओट्यावर बसतात आणि खिशातून पुन्हा मोबाइल काढतात. त्यांचं चुकत नाही. त्यांना खेळच येत नाहीत.

आपल्यालाही कुणी शिकवले नव्हते म्हणा. दोन-तीन वर्षांनी मोठी पोरं खेळत असायची, त्यांच्यात आपण कच्चं लिंबू म्हणून शिरायचो आणि बघून बघून शिकायचो. आता गल्लीत ती मोठी पोरंच खेळत नाहीत, त्यामुळे लहानांनी बघायचं कुणाकडे? त्यांची जागा काही दिवस आपण घ्यायची, एवढंच हे काम आहे. आठवडाभर घ्यायची आणि मग सोडायची. मी हे तीन-चार उन्हाळे करतोय. पहिल्या वर्षी शिट्टी घेतली, गुणांचा तक्ता केला, बक्षिसाला पेन आणले. चौथ्या दिवशी मैदानात मी आणि दोन पोरं. तेव्हा शिट्टी आणू नका.

आधी वेळ ठरवा

पुण्या-मुंबईच्या सल्ल्यावर इथे चालून भागत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, एवढ्याच दोन वेळा. मे महिन्यात सातपर्यंत चांगला उजेड असतो, म्हणजे संध्याकाळचा दीड तास मिळतो आणि तो पुरतो. साडेपाचलाही जमीन तापलेलीच असते, त्यामुळे पहिला अर्धा तास झाडाच्या नाही तर इमारतीच्या सावलीतला खेळ घ्या. अनवाणी खेळू देऊ नका, आणि सपाताही नकोत, पळताना त्या पायातून निसटतात. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट.

पाण्याचा माठ मैदानातच ठेवा. घरी पाणी प्यायला गेलेलं पोर परत येत नाही, हा अनुभव. दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी पाणी प्यायचं, तहान असो वा नसो. आठवड्यातून एखाद्या दिवशी कैरीचं पन्हं केलंत तर हजेरी आपोआप वाढेल. एखादं पोर गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळायला लागलं, तर डाव तिथेच थांबवा. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर ओलं फडकं फिरवा, वारा घाला, घोट घोट पाणी द्या. बरं वाटेना, उलट्या सुरू झाल्या किंवा ते बरळायला लागलं तर सरळ दवाखाना गाठा. उन्हाची बाधा अंगावर काढायची नसते.

मग जागा

कॉलनीतली ओपन स्पेस, शाळेचं पटांगण, गावात मारुतीच्या पारापुढची मोकळी जागा, काहीही चालेल. शेत मात्र टाळा. आपली काळी माती उन्हाळ्यात तडकते, पाय आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि घोटा मुरगळतो. कपाशी काढलेल्या रानात तर पऱ्हाट्यांचे खुंट राहिलेले असतात, त्यावर पोर पडलं तर सरळ टाके. कठड्याशिवायची विहीर आसपास नको. नदीच्या कोरड्या पात्राचाही मोह होतो, पण गिरणा असो की पांझरा, वाळू उपशाचे खड्डे कुठे आहेत ते वरून कळत नाही.

पहिल्या दिवशी खेळूच नका, मैदान साफ करा. पोरांनाच करू द्या, त्यातही त्यांना मजा येते. काचा, तारा, बाभळीचे काटे आणि मुख्य म्हणजे सराटे. सराट्याच्या वेली खराट्याने निघत नाहीत, खुरप्याने मुळासकट काढाव्या लागतात, आणि वाळलेले काटे गोणपाट ओढून गोळा करता येतात. गोणपाट जमिनीवर दोनदा फिरवा, सगळे त्याला चिकटतात. ही युक्ती आमच्या अमळनेरकडच्या गावात खळं झाडताना बघितलेली.

दगड उचलायचा तर हाताने नाही. आधी काठीने नाही तर बुटाने उलटा करायचा, मग हात लावायचा. उन्हाळ्यात दगडाखाली विंचू असतो. आमच्याकडे एकदा लगोरीचा पाचवा दगड उलटला आणि खालून साहेब निघाले. तेव्हापासून हा नियम पोरं स्वतःच एकमेकांना सांगतात.

गडी कसे पाडायचे

हे जमलं तर अर्धं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोठ्यांनी "तू इकडे, तू तिकडे" करायचं नाही. दोन कप्तान होतात. उरलेली पोरं आपल्याच जोडीचा गडी शोधतात, म्हणजे उंचीला, पळायला साधारण सारखा. ही जोडी बाजूला जाऊन कानात नावं ठरवते. परत येऊन गळ्यात हात टाकून कप्तानांपुढे उभी राहते आणि विचारते, "कापूस घेता की केळी?" कप्तान म्हणतो केळी, आणि ज्याचं नाव केळी तो त्याच्याकडे जातो. दुसरा दुसरीकडे. संघ आपोआप बरोबरीचे होतात आणि 'मला कुणी घेतलंच नाही' हे दुःख कुणाच्या वाट्याला येत नाही. नावं काय ठेवायची यावर पोरं फार डोकं चालवतात. एका जोडीने 'शेवभाजी की भरीत' आणलं होतं, दोन्ही कप्तान शेवभाजीवर भांडले.

आधी कोण खेळणार यासाठी ओलं-सुकं. खापरीचा तुकडा घ्यायचा, एका बाजूला थुंकी लावायची, वर उडवायचा. शहरातल्या आया नाक मुरडतात, त्यांच्यासाठी पाण्याचा थेंब चालेल. राज्य कुणावर हे ठरवायला चकायचं : तिघांनी तळहात एकावर एक धरून एकदम उलटे-सुलटे करायचे, वेगळा पडला तो सुटला. शेवटी उरतो त्याच्यावर राज्य.

आणि कच्चं लिंबू. पाच-सहा वर्षांचं पोर खेळात असतं, पळतं, ओरडतं, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला बाहेर बसवू नका. पुढच्या वर्षीचा गडी तिथेच तयार होतो. "मी कच्चं लिंबू नाही!" असं ज्या दिवशी ते स्वतःहून म्हणेल, त्या दिवसापासून त्याला पूर्ण गडी धरायचं.

पहिला खेळ लगोरीच

कुणी लिंगोरचा म्हणतं. सहा खेळ एकदम शिकवू नका, पहिले तीन दिवस हा एकच पुरे. चेंडू फेकता येतो तो लगेच खेळू शकतो, आणि आठ-दहा पोरांत मुलं-मुली, लहान-मोठे सगळे एकत्र चालतात.

सात चपटे दगड जमवा. फरशीचे तुकडे सुबक दिसतात, पण त्यांच्या कडा हाताला लागतात, तेव्हा आधी दगडावर घासून बोथट करा. सर्वांत मोठा तळहाताएवढा, वरचा बिस्किटाएवढा. चेंडू टेनिसचा, जुना असेल तर उत्तमच. लहान पोरं जास्त असतील तर चिंध्यांचा करा : जुन्या सुती कापडाचा घट्ट गोळा, त्यावर सुतळी, आणि सगळं एका जाड मोज्यात घालून तोंड शिवून टाका. सायकलच्या ट्यूबच्या रिंगा चढवलेला चेंडू आम्ही लहानपणी वापरायचो, उसळतो झकास, पण पाठीत बसला की वळ उठतो.

दगडांची रचना मध्ये. भोवती हातभर त्रिज्येचं वर्तुळ, राखेनं किंवा चुन्यानं. फेकायची रेघ मोठ्यांसाठी बारा पावलांवर, लहानांसाठी सात-आठ. एक संघ फोडणार, दुसरा राखणार. फोडणाऱ्या प्रत्येकाला तीन नेम. चेंडू रचनेला न लागता एक टप्पा घेऊन मागे कुणी झेलला, तर फेकणारा बाद. रचना पडली की खरा खेळ सुरू. फोडणाऱ्यांनी धावत येऊन सातही दगड पुन्हा रचायचे, राखणाऱ्यांनी तोवर त्यांना चेंडू मारायचा. चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, जागेवरून मारायचा नाहीतर साथीदाराकडे फेकायचा. मारायचा कमरेखाली. डोक्याला लागला तर मारणाऱ्याच्या संघाचा डाव गेला, हा नियम मी पहिल्या दिवशीच ठेवतो आणि त्यात सूट देत नाही. रचून झालं की रचनेभोवती बोट फिरवून ओरडायचं, "लगोरीऽऽ!" मिळाला एक गुण.

चेंडू लागलेल्या एकट्यानेच बाद व्हायचं की सगळा संघ बाद धरायचा, यावर गावागणिक मतं आहेत. नवख्यांना एकटा बाद बरा, नाही तर डाव दोन मिनिटांत संपतो.

तिसऱ्या दिवसापर्यंत पोरांना डावपेच सुचायला हवेत. नाही सुचले तर एकदा तुम्ही करून दाखवा. फोडणाऱ्यांतल्या एकाने मुद्दाम चेंडूवाल्यापुढे नाचायचं, त्याने मारला की चेंडू लांब जातो आणि बाकीचे तेवढ्यात चार दगड रचतात. राखणाऱ्यांनी एकाच बाजूला गर्दी करायची नाही, चौघांनी चार दिशा धरायच्या आणि चेंडू एकमेकांकडे भराभर द्यायचा. हे कळलं की लगोरीत बुद्धिबळाइतकं डोकं लागतं. आणि आवाज मात्र बुद्धिबळापेक्षा बराच जास्त होतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

दिवेलागणीला डबा ऐसपैस

उजेड कमी झाला की चेंडू दिसत नाही, तेव्हा हा खेळ. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, झाकण फेकून काठ ठोकून आत वळवा. वर्तुळ काढून डबा मध्ये. एकाने तो लांब भिरकवायचा. राज्य असलेला डबा आणून वर्तुळात ठेवेपर्यंत बाकीचे लपतात. मग तो शोधायला निघतो. कुणी दिसलं की धावत येऊन डब्यावर पाय ठेवायचा आणि नाव घ्यायचं, "चिंट्या ऐसपैस!" चिंट्या पकडला गेला. पण राज्यवाला शोधायला लांब गेला असताना लपलेल्यांपैकी कुणी येऊन डबा उडवला, तर पकडलेले सगळे सुटले आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. शर्ट बदलून फसवायचं हे पोरं शिकवल्याशिवाय शिकतात.

लपायच्या जागा आधी फिरून बघा. बांधकामं, पाण्याच्या टाक्या, उभ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली, या तिन्ही जागा बाद. हद्द पोरांना बोटाने दाखवून ठरवा : इकडे पिंपळ, तिकडे किराणा दुकान, रस्त्यापलीकडे कुणी नाही. एकाच पोरावर तीनदा राज्य आलं तर चौथ्यांदा बदला, नाही तर ते रडत घरी जातं. आम्हीही गेलोय.

विटी-दांडू, पण दुसऱ्या आठवड्यात

घाई करू नका म्हणतो, कारण विटीची टोकं अणकुचीदार असतात आणि ती चेहऱ्याच्या उंचीवरून जाते. आठ-नऊ वर्षांच्या आतल्यांना यात फक्त गुण मोजायला बसवा, तेही मारणाऱ्याच्या मागे.

दांडू साधारण हातभर, दीड-दोन फूट, मुठीत नीट बसणारा. विटी वीतभरापेक्षा लहान, दोन्ही टोकांना निमुळती. बाभळीचं लाकूड टिकाऊ. सुताराकडे गेलात तर तो तासाभरात दोन्ही करून देईल, आणि वयस्कर असेल तर दुकान टाकून स्वतः एक टोला मारायला येईल. टोकं फार धारदार नकोत, खडबडीत कागदाने थोडी घासून घ्या.

जमिनीत चार बोटं लांब, दोन बोटं रुंद खळगी करायची, ती गल. विटी गलीवर आडवी ठेवायची, दांडूचं टोक खाली घालून जोरात पुढे उडवायची. याला कोलणं म्हणतात. समोरच्यांनी झेलली तर कोलणारा बाद. नाही झेलली तर दांडू गलीवर आडवा ठेवायचा आणि विटी जिथे पडली तिथून त्यांनी दांडूवर नेम धरून फेकायची. लागली तर बाद. चुकली तर आता टोल्याची वेळ : विटीच्या टोकावर दांडूने हलकेच टिचकी मारायची, ती उसळली की हवेतच तडाखा. तीन संधी. विटी जिथे थांबेल तिथून गलीपर्यंत दांडूने मोजायचं, तेवढे गुण.

मोजण्याची जुनी पद्धत वेगळी आहे. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वाय, झक्कू. सात दांडू झाले की पुन्हा वकटपासून. ज्या शब्दावर मोजणी थांबेल, त्याप्रमाणे पुढचा टोला कधी पायावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावर विटी ठेवून मारायचा. शब्दांचे उच्चार आणि विटी ठेवायच्या जागा गावोगाव बदलतात. यासाठी घरातल्या आजोबांना बाहेर खुर्ची टाकून बसवा. माझं म्हणणं, पोरांना शब्द जरूर पाठ करवा, त्यांची ती गंमत त्यांना फार आवडते, पण डोळ्यावरून टोला मारायचं सोडून द्या. पहिले काही दिवस साधं एक-दोन-तीन मोजलं तरी खेळ तोच राहतो.

एकच गोष्ट कडक ठेवा. मारणाऱ्याच्या पुढे दहा पावलांच्या आत कुणी उभं राहायचं नाही, आणि मागेही दांडूच्या पल्ल्यात नाही. टोला मारण्याआधी त्याने "येऊ दे का?" विचारायचं आणि समोरून "येऊ दे" आल्याशिवाय मारायचं नाही.

बाकीचे खेळ, थोडक्यात

विषामृत अगदी लहानांसाठी. राज्यवाल्याने शिवलं की विष, जागेवर बसायचं. साथीदाराने येऊन शिवलं की अमृत, पुन्हा पळायचं. डोंगर-पाण्यात ओटे, पायऱ्या म्हणजे डोंगर आणि खालची जमीन पाणी. ऊन-सावलीत राज्यवाला 'ऊन' किंवा 'सावली' म्हणतो आणि तिथे सापडेल त्याला पकडतो. मे महिन्यात सगळी पोरं सावलीतच उभी, त्यामुळे हा खेळ आपल्याकडे दिवाळीनंतरच रंगतो.

सूरपारंब्या झाड बघून ठरवा. वड, चिंच, जुना कडुनिंब चालतो. शेवगा आणि गुलमोहर कधीच नाही, फांदी कडकन मोडते. खाली दगड नकोत आणि चढायची उंची मोठ्या माणसाच्या डोक्याइतकीच. अखाजीला त्याच झाडाला झोका बांधलेला असेल तर सूरपारंब्या विसरा, झोक्यावर मुलींचा हक्क आहे आणि त्या दोर सोडणार नाहीत.

आट्यापाट्या बारा वर्षांपुढच्यांसाठी. मैदानावर आडव्या पाट्या आणि मधून उभी सुराची रेघ काढायची. राखणाऱ्याने आपल्या पाटीवरूनच सरकायचं, सूर धरणारा मधल्या रेघेवर धावतो. बाकीच्यांनी हुलकावण्या देत पहिल्या कपाळपाटीपासून शेवटच्या लोणपाटीपर्यंत जायचं आणि लोण घेऊन परत यायचं. खऱ्या खेळात नऊ पाट्या असतात, तुम्ही चारने सुरुवात करा. हुलकावणी शिकवायला याच्यासारखा खेळ नाही.

कबड्डी आणि खो-खो इथे मुद्दाम धरले नाहीत. २०१४ पासून कबड्डीची लीग टीव्हीवर आहे, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष-महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. शाळेत शिक्षक आहेत, क्लब आहेत. लगोरीला तुमच्याशिवाय कुणी नाही.

पाऊस लागला की काळी माती बुटाला किलो-किलो चिकटते, तेव्हा पळायचे खेळ बंद. गोट्या आणि भोवरे काढा, फरशीवरही चालतात. ओल्या मातीत सळई खुपसत जायचा खेळ आमच्या लहानपणी असायचा, जमिनीत रुतली नाही की तिथून लंगडी घालत परत. मी तो हल्ली शिकवत नाही. सळई पायात घुसलेलं पोर पाहिलंय.

भांडण झालं की

होणारच. "मन्हा डाव शे!" "तू खोटा बोलस!" अशी जुंपली की तुमचे पाय आपोआप तिकडे वळतील. वळू देऊ नका. हाणामारीची वेळ येईपर्यंत ओट्यावर बसून राहा. निकाल मागायला पोरं धावत तुमच्याकडे येतील, "काका, तुम्ही सांगा, लागला का नाही?" तुम्ही पाहिलेलं असलं तरी म्हणा, "मी बघत नव्हतो. तुम्ही ठरवा." पहिल्यांदा पाच मिनिटं आरडाओरडा होतो, मग कुणीतरी "परत घे रे" म्हणतं आणि चेंडू पुन्हा रेघेवर जातो. हळूहळू ही पाच मिनिटं अर्ध्या मिनिटावर येतात.

आठव्या दिवशी उशिरा जा. अर्धा तास उशिरा, मुद्दाम. दगड रचलेले असतील, गडी पडलेले असतील आणि एखादा नियम तुम्ही सांगितलेलाच नसेल. आमच्याकडे गेल्या वर्षी असाच एक निघाला होता : कच्च्या लिंबाने दगड रचला तर दोन गुण. मी विचारलं, हे कधी ठरलं? कप्तानीण बाई, वय अकरा, चेंडू काखेत धरून म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा बाजूला व्हा ना, रेघेवर उभे आहात."